मोटारीच्या पोलादातले भंगार: प्रेस शॉपचे कात्रण आणि मोडीत निघालेली गाडी

‘या मोटारीत पुनर्चक्रित पोलाद वापरले आहे’ असे उत्पादक सांगतो, तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले भंगार असू शकते. उत्पादनांवरील पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन्ही एकाच टक्केवारीत धरता येतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिले भंगार म्हणजे कारखान्यातील कात्रण. प्रेसखाली दरवाजाचा पत्रा घडवताना खिडकीच्या जागेचा तुकडा कापून बाहेर पडतो. तो कोरा असतो, त्याची प्रत ठाऊक असते, आणि त्याला भाव चांगला असल्यामुळे गठ्ठे बांधून तो भट्टीकडे जातोच. त्यासाठी कुणाला प्रोत्साहन द्यावे लागत नाही. उलट पत्रा जितका जास्त वाया जाईल, तितके हे भंगार वाढते.

दुसरे भंगार म्हणजे आयुष्य संपलेली गाडी. इथे खरी अडचण तांब्याची आहे. वायरिंग, स्टार्टर, काचा वरखाली करणाऱ्या छोट्या मोटारी हे सारे न काढता गाडी श्रेडरमध्ये, म्हणजे तिचे तुकडे करणाऱ्या यंत्रात गेली, तर लोहचुंबकाने वेचलेल्या लोखंडाबरोबर तांब्याचे तुकडेही भट्टीत जातात. वितळलेल्या रसात प्राणवायू फुंकला तरी लोखंड आधी जळते आणि तांबे रसातच उरते. पुढे तप्त पोलाद लाटताना पृष्ठभागावरचे लोखंड गंजाच्या पापुद्र्यात जाते, मागे राहिलेले तांबे १०८५ अंशांना वितळून कणांच्या सांध्यांत झिरपते आणि पत्र्याला भेगा पडतात. बांधकामाच्या सळईला साधारण ०.४ टक्के तांबे चालते. खोल दाबून घडवायच्या पत्र्याला मात्र ०.०६ टक्क्यांच्या आसपासच.

म्हणूनच जुन्या मोटारीच्या पोलादाची बहुधा सळई होते. जालन्यात भंगार वितळवून सळई करणारा मोठा उद्योग आहे आणि ते काम मोलाचेच आहे. पण चाकणच्या नव्या गाडीचा पत्रा त्यातून येत नाही, तो मुख्यतः खनिजापासूनच बनतो आणि झोतभट्टीच्या मार्गाने दर टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी मोडीत निघालेल्या वाहनांतून पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही. वायरिंगचा जुडगा श्रेडरपूर्वी हाताने सहज ओढून काढता येईल अशी गाडीची रचना हवी, आणि उत्पादकाने जुन्या गाड्यांतून आलेल्या पोलादाची टक्केवारी कात्रणापासून वेगळी छापली पाहिजे.