लांब पास (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

लांब पास : अमेरिकन फुटबॉलमध्ये स्क्रिमेज रेषेमागून, म्हणजे दोन्ही संघ डावाच्या आरंभी जिच्या दोन बाजूंना समोरासमोर ठाकतात त्या रेषेमागून, फेकलेला आणि तिच्यापलीकडे २० यार्ड वा त्याहून दूर पोहोचणारा पुढचा पास (फॉरवर्ड पास, म्हणजे प्रतिपक्षाच्या बाजूकडे फेकलेला चेंडू). नियमपुस्तकात अशी वेगळी व्याख्या नाही. २० यार्डांची सीमा प्रशिक्षक व विश्लेषक यांच्या वहिवाटीने ठरलेली आहे. मैदान १०० यार्ड लांब (एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मी.), दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन, म्हणजे चेंडू नेल्यास गुण मिळवून देणारे पट्टे, आणि रुंदी ५३⅓ यार्ड असते. भक्कम बचाव असूनही लांब पास अजिबात न जमणारे महाविद्यालयीन संघ जवळजवळ प्रत्येक हंगामात आढळतात. त्याचे खापर बहुधा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, हातावर फुटते. ते अनेकदा अन्यायाचे ठरते, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

उगम : पुढच्या पासचा पहिला मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. १८७६ मधील येल–प्रिन्स्टन सामन्यात येलच्या वॉल्टर कॅम्पने (पुढे खेळाचे नियम ठरवण्यात त्याचे मोठे वजन होते) पकडीत सापडता सापडता चेंडू ऑलिव्हर थॉम्प्सनकडे पुढे फेकला, असे सांगतात. पंचाने नाणे उडवून तो डाव ग्राह्य धरला ही कथा इतिहासापेक्षा आख्यायिकेत अधिक शोभते. १८९५ मध्ये अटलांटा येथे नॉर्थ कॅरोलायनाच्या खेळाडूने कोंडीत सापडल्यावर चेंडू पुढे भिरकावला आणि जॉर्जियाविरुद्ध गुण मिळवले. तो डाव आपण पाहिल्याचे प्रशिक्षक जॉन हाइझमन यांनी नंतर सांगितले आणि असा पास कायदेशीर करावा म्हणून कॅम्प यांच्याकडे पाठपुरावाही केला. परंतु हे दोन्ही पास तत्कालीन नियमांबाहेरचे होते.

नियम बदलला तो खेळातील जीवितहानीमुळे. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू दगावल्याची गणना तेव्हा प्रसिद्ध झाली. आकड्यांत तफावत आहे, पण लोकक्षोभ खरा होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. दाटीवाटीने रेटारेटी करणारा खेळ मोकळा व्हावा, या हेतूने १९०६ मध्ये पुढचा पास नियमांत आला. तत्पूर्वी २५ डिसेंबर १९०५ रोजी कॅन्ससमधील वॉशबर्न व फेअरमाउंट या महाविद्यालयांत नव्या नियमांचा चाचणी सामना झाला होता. त्यातील पासला पहिला मानावे असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे.

नियमित हंगामातील पहिला कायदेशीर पास सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे कॅरोल महाविद्यालयाविरुद्ध टाकला, हे मत आता बहुतेकांना मान्य आहे आणि उपलब्ध पुरावाही त्याच बाजूला झुकतो. पहिला प्रयत्न फसला व चेंडू प्रतिपक्षाकडे गेला; त्यानंतरचा पास जॅक श्नायडरने झेलून गोल गाठला. वेस्लियनने येलविरुद्ध ३ ऑक्टोबर १९०६ रोजी टाकलेल्या पाससाठीही हा मान मागितला जातो, पण तो जवळपास महिनाभर नंतरचा आहे. सेंट लुइसचे प्रशिक्षक एडी कोचम्स यांनी उन्हाळ्यात लेक ब्यूला येथे शिबिर भरवून खेळाडूंकडून पासची तालीम करून घेतली होती. त्यांचा संघ ११ सामन्यांत अपराजित राहिला, त्यात आयोवावर ३९–० असा विजय होता. तरीही पासचे जनकत्व लोकांनी दीर्घकाळ नोत्र दाम विद्यापीठाला बहाल केले. कारण १ नोव्हेंबर १९१३ रोजी गस डोरे व नूट रॉकनी या जोडीच्या पासांच्या बळावर त्या संघाने आर्मीला (लष्करी अकादमीच्या संघाला) वेस्ट पॉइंट येथे ३५–१३ हरवले, आणि ते पूर्वेकडील वृत्तपत्रांच्या अंगणात घडले.

आरंभीचे नियम पासला पोषक नव्हते. कोणाचा स्पर्श न होता चेंडू जमिनीवर पडला तर तो प्रतिपक्षाकडे जाई. १९१० मध्ये तर रेषेपलीकडे २० यार्डांहून दूरच्या पासला बंदीच आली. म्हणजे आज ज्याला लांब पास म्हणतात तो तेव्हा बेकायदा होता. (आजच्या वहिवाटीतील २० यार्ड हा योगायोगच असावा.) ही मर्यादा १९१२ मध्ये उठली. त्याच वर्षी चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्याची चौथी संधी) व एंड झोन आले आणि चेंडू सडपातळ झाला. १९३४ मध्ये तो आणखी निमुळता करण्यात आला. गुबगुबीत चेंडूला हाताची पकड व स्पायरल, म्हणजे लांब अक्षाभोवतीची फिरकी, देणे कठीण होते. फिरकीशिवाय चेंडू हवेत डुलतो आणि लवकर खाली येतो.

मैदान व नियम : महाविद्यालयीन मैदानावर हॅश खुणांमधील (या खुणांच्या दोन रांगांच्या दरम्यानच डावाच्या आरंभी चेंडू ठेवतात) अंतर ४० फूट असते (१९९३ पूर्वी ते ५३ फूट ४ इंच होते), व्यावसायिक मैदानावर मात्र १८ फूट ६ इंच. चेंडू डाव्या खुणेवर असेल तर महाविद्यालयीन क्वार्टरबॅकला उजवी कडरेषा ३३ यार्डांवर पडते. तो रेषेमागे ७ यार्ड उभा आहे आणि रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) दूरच्या कडेच्या दोन यार्ड आत, रेषेपुढे १८ यार्डांवर आहे असे धरले, तर फेक प्रत्यक्षात सुमारे ४० यार्डांची होते. तोच पास जवळच्या कडेला ३१ यार्डांचा. धावफलक दोन्हींची नोंद १८ यार्ड अशीच करील. चेंडू जास्त वेळ हवेत राहतो तेवढा बचावपटूला पोहोचायला अवधी मिळतो. दुबळ्या हाताच्या क्वार्टरबॅकविरुद्ध म्हणूनच प्रशिक्षक रुंद बाजूचा कोपरा बिनधास्त मोकळा सोडतात.

दंडाच्या नियमातील फरक सहसा दुर्लक्षित राहतो. व्यावसायिक सामन्यात पासमध्ये बेकायदा अडथळा आणला तर चेंडू त्या गुन्ह्याच्या जागी ठेवतात. ४० यार्डांवर धरले तर ४० यार्ड गेले. महाविद्यालयीन नियमांत हा दंड १५ यार्डांवर थांबतो. मागे पडलेल्या कॉर्नरबॅकने (कडेच्या रिसीव्हरवर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूने) गोल वाचवण्यासाठी रिसीव्हरचा हात धरला, तर तो हिशेबाने शहाणपणाच करतो.

अपयशाची कारणे : लांब पास ही वेळेशी बांधलेली कृती आहे. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी रिसीव्हर बहुधा बचावपटूच्या बरोबरीलाच धावत असतो. क्वार्टरबॅक त्याच्याकडे नव्हे, तर तो जिथे पोहोचायचा आहे त्या रिकाम्या जागेकडे फेकतो. यासाठी किमान अडीच-तीन सेकंदांचे संरक्षण लागते. आक्रमक फळीचा एक टॅकल (फळीच्या टोकाकडचा अडवणारा खेळाडू) जरी पहिल्या धक्क्याला मागे रेटला गेला, तरी क्वार्टरबॅकला पाय रोवून कंबर फिरवायला जागा उरत नाही. फेकीचा जोर पायांपासून व कंबरेतून येतो. नुसत्या खांद्याने फेकलेला चेंडू आखूड पडतो, आणि प्रेक्षकांना हात दुबळा वाटतो.

दुसरे कारण बचावाच्या मांडणीत आहे. दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल उभे असतील तर दोन्ही कडांचे लांब मार्ग झाकले जातात. त्यांना पुढे खेचायचे तर धाव, म्हणजे चेंडू हाती घेऊन पळण्याचा डाव, प्रभावी हवी. तेव्हाच प्ले-ॲक्शन, म्हणजे धावकाच्या हाती चेंडू दिल्याची हूल, त्यांना फसवते. धाव निष्प्रभ असलेल्या संघाच्या हुलीकडे सेफ्टी ढुंकूनही पाहत नाहीत. २०१७ नंतर आयोवा स्टेटच्या तीन खोल सेफ्टींच्या मांडणीचे अनुकरण पुष्कळ संघांनी केले, तेव्हापासून ही अडचण वाढलेली दिसते.

शिवाय सरावाला मर्यादा आहेत. हंगामात आठवड्याला २० तास आणि वसंतात १५ सत्रे एवढीच मुभा असते. २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा संघ बदलून लगेच खेळण्याची सवलत मिळाल्यावर (एकदाची ही मर्यादाही २०२४ मध्ये उठली) क्वार्टरबॅक व रिसीव्हर यांची जोडी दोन हंगाम टिकणेही अवघड झाले. आखूड पास ओळख नसतानाही जमतो. रिसीव्हर पूर्ण वेगात किती पावलांवर असेल हे मात्र एकत्र घोटूनच कळते.

उदाहरणे : आयोवाचा २०२३ चा संघ हे बोलके उदाहरण. क्वार्टरबॅक केड मॅकनमारा ३० सप्टेंबरच्या सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला. ल्यूक लॅकी व एरिक ऑल हे दोन प्रमुख टाइट एंडही (फळीच्या टोकाला राहून अडवणारे व पासही झेलणारे खेळाडू) हंगामाच्या मध्यापर्यंत जायबंदी झाले. मॅकनमाराच्या जागी आलेला डीकन हिल धिप्पाड व दणकट हाताचा म्हणून ओळखला जाई, तरी त्याचे निम्म्याहून कमी पास पूर्ण झाले. आक्रमणाचे समन्वयक ब्रायन फेरेन्झ यांच्या करारात सामन्याला सरासरी २५ गुणांची अट होती. प्रत्यक्षात सरासरी १५.४ राहिली आणि त्यांना हंगामाअखेर पद सोडावे लागणार हे ऑक्टोबरातच जाहीर झाले. संघाने तरीही १० सामने जिंकले, ते बचावावर आणि टोरी टेलरच्या पंटवर, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडण्यावर. हाताच्या ताकदीने प्रश्न सुटत नाही याला यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

उलट बाजूने एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक जो बरो पाहावा : २०१८ मध्ये ५७.८ टक्के पास पूर्ण व १६ टचडाउन (एंड झोन गाठून गुण मिळवणारे पास), २०१९ मध्ये ७६.३ टक्के व ६० टचडाउन. हात तोच होता. रचना बदलली होती आणि जमार चेससारखे रिसीव्हर कसाला उतरले होते. ऑप्शन पद्धतीचे, म्हणजे मुख्यतः धावेवर विसंबणारे, संघ आणखी वेगळे. २००९ च्या जॉर्जिया टेकने पास मोजकेच टाकले, पण सगळा बचाव धाव रोखायला पुढे आल्यामुळे डेमारियस थॉमसने ४६ झेलांत १,१५४ यार्ड मिळवले. थोडे फेकणारा संघ लांब फेकू शकत नाही, असे म्हणूनच सरसकट म्हणता येत नाही.

मोजमाप : अधिकृत धावपत्रिकेत पासचे एकूण यार्ड येतात, हवेतील अंतर व झेलानंतरची धाव यांची फोड त्यात नसते. रेषेमागेच झेललेल्या स्क्रीन पासवर कोणी ६० यार्ड धावला तर तोही ६० यार्डांचाच पास ठरतो. चित्रफिती पाहून हवेतील अंतर नोंदवण्याचे काम खाजगी संस्था करतात. मात्र चेंडू रिसीव्हरने सोडला की फेक चुकली, हा निवाडा शेवटी नोंद करणाऱ्याच्या नजरेवर राहतो.