खर्ज ऐकू येईना तेव्हा

ग्वाल्हेरच्या थंडीत कानाला दडा बसला की लष्कर भागातल्या मराठी घरांत निदान तयारच असतं : सर्दी, नाहीतर मळ. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण याच लक्षणाआड कधीकधी आतल्या कानाचा, फक्त खालच्या सुरांपुरता, अचानक आलेला बहिरेपणा लपलेला असतो.

यात साधारण १२५ ते ५०० हर्ट्झचे (सेकंदाला तितक्या कंपनांचे) आवाज मंदावतात. २००० हर्ट्झच्या वरचे जवळजवळ शाबूत राहतात. गाणाऱ्यांना हे लवकर कळतं. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एक या पट्टीत लावला, तर जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार, ६९ वर बोलते. बिघडलेल्या कानाला तोच तंबोरा पातळ, किरटा वाटतो. कधी एकच षड्ज दोन कानांत दोन वेगळ्या उंचींवर लागतो आणि माणूस उगाच खुंट्या पिळत बसतो. ज्याचा गाण्याशी संबंध नाही, त्याला फोनवर पत्ताही लागत नाही, कारण साधा फोन ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं पोहोचवतच नाही. जाणवतो तो भरलेला कान आणि आतली एकसारखी घूं-घूं.

खालचेच सूर का? आतल्या कानातली शंखासारखी नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. तिच्या तोंडाशी वरचे स्वर टिपले जातात, टोकाशी खालचे. ध्वनीची लाट या नळीत कशी पुढे सरकते हे दाखवणाऱ्या बेकेशींना १९६१ चं नोबेल मिळालं. नळीतल्या द्रवाचा फुगवटा टोकाकडे वाढत असावा, असा या आजाराबद्दलचा प्रबळ कयास आहे. तरुण आणि मध्यमवयीन बायकांत तो जास्त दिसतो.

दिलासा असा, की अचानक येणाऱ्या बहिरेपणाच्या प्रकारांत हा बरा होण्यात उजवा. काही दिवसांत किंवा आठवड्यांत अनेकांचं ऐकणं पूर्ववत होतं, काहींचं औषधाविनाही. म्हणून वाट पाहत बसणं मात्र मला पटत नाही. हा नेमका कोणता बहिरेपणा हे ऑडिओमेट्रीशिवाय, म्हणजे ऐकण्याच्या यंत्रावरच्या तपासणीशिवाय, कळत नाही, आणि अचानक बहिरेपणात स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. या गोळ्यांनी साखर चढते.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघता येते. तोंड मिटून 'म्‌ऽऽ' असा सूर धरा. गुंजन दडा बसलेल्या कानात मोठं वाटलं तर सहसा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे सरकलं तर आतल्या कानाची शंका घ्यावी. कानात तेल घालायचं नाही, तपासणीला जायचं, तेही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.

हा आजार काहींना पुन्हा गाठतो. सोबत गरगरून चक्कर येऊ लागली, तर डॉक्टर मेनिएरच्या विकाराचा, म्हणजे आतल्या कानाच्या चक्कर आणणाऱ्या आजाराचा, विचार करतात. त्या वेळी पहिला ऑडिओग्राम, म्हणजे ऑडिओमेट्रीचा आलेख, हाताशी असला तर तुलना करता येते, म्हणून बरं वाटल्यावरही तो कागद फेकू नये.