चंद्रप्रकाश

चंद्रप्रकाश (चांदणे) : चंद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन पृथ्वीवर येणारा सूर्यप्रकाश. चंद्र स्वयंप्रकाशी नाही, हे प्रथम कोणी सांगितले याविषयी एकमत नाही. सूर्याचा एक किरण चंद्राला उजळतो, असे यास्काच्या निरुक्तात म्हटले आहे. पण यास्काचा काळ इ.स.पू. सातव्या ते पाचव्या शतकात, काहींच्या मते त्याहून अलीकडे धरला जातो. ग्रीसमध्ये हे मत ॲनॅक्सॅगोरसकडे (इ.स.पू. पाचवे शतक) जाते. निरुक्तातील उल्लेख शब्दाच्या व्युत्पत्तीच्या ओघात आला आहे, तेव्हा त्यावरून अग्रमान ठरवणे धाडसाचे होईल. ग्रहगोलांची सूर्याकडील बाजू उजळ आणि दुसरी काळोखी, ही स्पष्ट मांडणी आर्यभटाची (इ.स. 499). वराहमिहिर (सहावे शतक) चंद्र जलमय मानतो आणि आरशावरून अंधाऱ्या घरात शिरणाऱ्या उजेडाचा दाखला देतो. दाखला सुंदर आहे. पण चंद्र गुळगुळीत असता तर त्यावर सूर्याचा एकच झगझगीत ठिपका दिसला असता.

प्रत्यक्षात चंद्राची धूळ जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट असून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 12 टक्केच परत पाठवते. तो लखलखीत दिसतो, कारण त्यावर थेट ऊन असते आणि भोवती काळे आकाश. सूर्य पूर्णचंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे; भर पौर्णिमेलाही जमिनीवर 0.3 लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड सहसा पडत नाही.

अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा नव्हे, जेमतेम एक दशांश तेजस्वी असतो. असे का, याचे उत्तर कोकणातल्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मिळते. सकाळचे ऊन पाठीवर घेऊन भोकाभोकांच्या जांभ्या कातळावर उभे राहावे. आपल्या डोक्याच्या सावलीभोवतीचा कातळ अधिक उजळ दिसतो, कारण तेथे प्रत्येक खळगीची सावली तिच्या काठाआड दडते. बाजूला पाहिले की त्याच सावल्या उघड्या पडतात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असल्याने चंद्रावर हेच घडते. चंद्राभोवती फिरलेल्या क्लेमेंटाइन यानाच्या (1994) मोजणीत सूर्य–चंद्र–यान हा कोन 4 अंशांवरून शून्यावर येताना तेज 40 टक्क्यांहून अधिक वाढलेले आढळले. धूलिकणांतून उलट फिरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बळ देतात, हे दुसरे कारणही सांगितले जाते; दोहोंचा वाटा अद्याप वादाचा असला, तरी सावल्या दडण्याचे कारण अधिक सबळ वाटते. पृथ्वीवरून हा कोन नेमका शून्य कधीच पाहता येत नाही, कारण त्या वेळी ग्रहण लागलेले असते.

चांदण्याची निळसर झाक डोळ्यांमुळे येते. मुळात तो प्रकाश सूर्यप्रकाशाहून किंचित तांबूसच असतो.

कोकण किनारा पश्चिमाभिमुख असल्याने पौर्णिमेचा चंद्र सह्याद्रीआडून वर येतो आणि पहाटे समुद्रात मावळतो. क्षितिजाजवळ तो मोठा भासतो, तो केवळ भास. तेव्हा तो डोक्यावरच्या चंद्राहून सुमारे दीड टक्क्याने लहानच असतो, कारण आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या एका त्रिज्येइतका अधिक दूर असतो. वातावरणातील वक्रीभवनाने मात्र तो खरोखर चपटा दिसतो. शुक्ल द्वितीया-तृतीयेला समुद्रावर कोरीचा उरलेला काळा भाग मंद उजळलेला दिसतो, तो पृथ्वीवरून तेथे गेलेल्या उजेडाने. हे कारण लिओनार्दो दा व्हिंचीने साधारण 1506 ते 1510 च्या सुमारास नोंदवले.

चंद्राला पडणारे खळे (भोवतीचे प्रकाशाचे कडे) उंचावरील पातळ ढगांतील षट्कोनी हिमस्फटिकांमुळे पडते. त्याची त्रिज्या 22 अंश असते. हात ताणून अंगठ्याचे टोक चंद्रावर ठेवावे. ताणलेली करंगळी बहुधा कड्याला लागते. कड्याची आतली कड तांबूस असते. याउलट जलबिंदूंच्या ढगातून दिसणारे किरीट चंद्राला चिकटून, काही अंशांचेच असते आणि त्याची तांबूस कड बाहेर असते. बोलीत या दोन्हींना खळेच म्हणतात, त्यामुळे ‘खळे पडले की पाऊस’ ही समजूत तपासणे अवघड जाते. किनाऱ्यावर आणखी एक घोटाळा होतो : चष्म्यावर किंवा मोबाइलच्या भिंगावर खाऱ्या वाऱ्याचा थर बसला, की खोटे कडे दिसते. माडाच्या खोडाआड चंद्र झाकावा. कडे आकाशात टिकले तर खरे, विझले तर काच पुसावी.