मामा तलावापासून गोणपाटातल्या 100 दाण्यांपर्यंत

हवामान बदलाचं नाव निघालं की आता लगेच ॲप, अनुदान, प्रोजेक्ट सुरू होतं, पण पाणी न् माहिती वाटून घ्यायची रीत आपल्या विदर्भात खूप जुनी आहे आणि ती कुठं तुटली ते समजून घेतलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या धानपट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले हजारो तलाव आहेत, बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्याच. धान गर्भात असताना पाऊस दडी मारतो, तेव्हा हेच पाणी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरात, यायचं. कोणाच्या बांधीला आधी न् कोणाला मागून हे गावच ठरवायचं, इंग्रजांच्या बंदोबस्तात गावाच्या अशा रीती वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात लिहूनही ठेवल्या. उन्हाळ्यात तलावातला गाळ वावरात जायचा, म्हणजे तलावही खोल न् जमीनही कसदार.

1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली. ती गेली हे चांगलंच झालं, पण तिच्यासोबत तलावही सरकारजमा झाले, म्हणून तर माजी मालगुजारी, मामा तलाव. पुढं लहान तलाव जिल्हा परिषदेकडं गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडं, पाणीपट्टी आली, आणि पाळ फुटली की कुदळ उचलायच्या ऐवजी लोक अर्ज लिहायला लागले. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. मला विचाराल तर खरं नुकसान ते नाही, पाण्याचा हिशोब ज्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात होता त्यांना कोणी विचारायचंच बंद केलं, हे आहे.

वऱ्हाडाकडं गोष्ट वेगळी. तिथली जुनी हुशारी पेरणीत होती, कापसात तूर, ज्वारी, एक गेलं तर दुसरं हाती लागायचं. सोयाबीन आलं तसं ते मागं पडत गेलं. 1969 मध्ये अकोल्याचं कृषी विद्यापीठ झालं न् नवीन वाण, नवीन सल्ले गावात येऊ लागले, पण बोलणारे ते न् ऐकणारे आपण.

2018 च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं पोकरा, म्हणजे हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा सरकारी प्रकल्प, आला, राज्यातले 15 जिल्हे, त्यात आपले अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा, खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेली, गावंही घेतली. लोक अनुदानाचंच बोलतात, पण त्यातली शेतीशाळा मला जास्त मोलाची वाटते, कास्तकार एकाच्या वावरात जमतात, कीड मोजतात, आपसात बोलतात. बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरीची पेरणी, पण तशीच पसरली, मधात रुंद वरंबा न् दोन्हीकडं सरी, धो-धो आला की पाणी सरीतून निघून जाते, उघाड पडली की तिथं मुरलेली ओल मुळाला पुरते, हे धुऱ्यावर उभं राहून पाहिलं की भाषण लागत नाही.

2020 च्या जूनमध्ये विकतचं सोयाबीन कित्येकांचं उगवलंच नाही, आमचंही नाही, दुबार पेरणी झाली. पुढच्या वर्षी काकूनं घरच्या बियाण्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळून सावलीत ठेवले, रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी उलगडून मोजले तर 78 कोंब. 70 च्या वर म्हणजे पेरायला चालते. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचे दोघं आपापलं गोणपाट घेऊन ओट्यावर.