जुन्या स्केटपार्कच्या दुरुस्तीसाठी पुणे महापालिकेकडे काम कसे सुचवावे

पुणे महापालिकेच्या उद्यानातील किंवा क्रीडांगणावरील स्केटपार्कची दुरवस्था झाली असेल, तर त्याच्या दुरुस्तीचे काम पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना सुचवता येते. नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक तयार करण्याची ही पद्धत महापालिकेने २००६ मध्ये सुरू केली.

काम सुचवण्यासाठी संस्था नोंदणीकृत असण्याची गरज नाही. शहरातील रहिवासी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. मात्र जागा महापालिकेची व सार्वजनिक वापराची असावी लागते आणि एका कामाचा खर्च ५ लाख रुपयांच्या आत बसावा लागतो. ही मर्यादाच अर्जाचे स्वरूप ठरवते. एवढ्या रकमेत संपूर्ण बाउल, म्हणजे स्केटिंगसाठीचा वाडग्यासारखा खोलगट भाग, नव्याने बांधून होणार नाही. परंतु भेगा व सांधे भरणे, कडेचा गंजलेला लोखंडी पाइप बदलणे आणि तळाशी साचणाऱ्या पावसाच्या पाण्याला वाट करून देणे, यांपैकी निकडीची कामे मागणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज करण्यापूर्वी जागा कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे आणि मागची दुरुस्ती केव्हा झाली, हे माहिती अधिकारात विचारून घ्यावे. जोडपत्र ‘अ’ मधील अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे. मजकूर एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. मागील कामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असण्याची मुदत, संपला नसेल, तर ठेकेदाराने ती दुरुस्ती स्वखर्चाने करणे अपेक्षित असते आणि मग नव्या निधीची मागणी करण्याचे कारणच उरत नाही.

कामे सुचवण्याचे अर्ज साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयांत मागवले जातात. नाव, पत्ता, प्रभाग व कामाचे नेमके ठिकाण यांबरोबर छायाचित्रे, भेगांच्या जागा दाखवणारा हाती काढलेला नकाशा आणि तेथे नियमित येणारी मुले, पालक व प्रशिक्षक यांच्या सह्यांचे निवेदन जोडलेले बरे. कामाच्या वर्णनात केवळ ‘दुरुस्ती’ असे लिहू नये. स्केटबोर्डची चाके लहान व कडक असल्यामुळे बोटभर रुंदीची भेगही मुलाला तोंडघशी पाडते. अशा भेगेवर गिलाव्याचा पातळ थर दिला तर तो लवकरच पोपडा धरून निघतो. म्हणून सैल काँक्रीट काढून भेग योग्य सामग्रीने भरावी व पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करावा, असे स्पष्ट नमूद करावे. फुटपाथ करणाऱ्या ठेकेदाराला हे आपोआप सुचेल, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

अर्ज दाखल करून पोच घ्यावी. त्यानंतर अभियंते पाहणी करून खर्चाचा अंदाज काढतात आणि मान्य झालेली कामे प्रभाग समितीमार्फत अंदाजपत्रकात जातात. पाहणीची तारीख विचारून त्या वेळी स्केटिंग करणाऱ्या दोघातिघांनी तेथे हजर राहावे. एप्रिलनंतर अंदाजपत्रकात काम आले आहे का, ते तपासावे आणि निविदेसाठी क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी पाठपुरावा करावा, कारण रखडलेल्या कामाची तरतूद वर्गीकरणाने दुसरीकडे वळवली जाऊ शकते.