रिलीज कॅन्डिडेट (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

रिलीज कॅन्डिडेट, बोलण्यात ‘आरसी’, ही सॉफ्टवेअरची अशी प्रत असते की तिच्यात गंभीर दोष निघाला नाही, तर तीच अंतिम आवृत्ती म्हणून जाहीर होते. बीटा (त्याआधीची चाचणी-प्रत) दोष गोळा करण्यासाठी काढतात, तर आरसी ही गंभीर दोष उरलेले नाहीत याची खात्री करून घेण्यासाठी. त्यामुळे आरसी कधी काढायची हे केवळ कॅलेंडर बघून ठरत नाही. उघड्या बगांच्या (न सुटलेल्या दोषांच्या) एकूण आकड्यावरून तर मुळीच नाही, कारण मोठ्या प्रकल्पात शेकडो बग कायम उघडेच असतात.

खरा प्रश्न ब्लॉकरचा, म्हणजे रिलीज अडवणाऱ्या दोषाचा असतो. डेटा गमावणे, सुरक्षेला भगदाड, इन्स्टॉल किंवा अपग्रेड अडकणे आणि आधी चालणारी गोष्ट बंद पडणे (रिग्रेशन) हे नेहमीचे ब्लॉकर. मागच्या आवृत्तीतही असलेला दोष सहसा रिलीज अडवत नाही. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पात हे निकष लेखी असतात. मान्य झालेले सगळे ब्लॉकर निकाली निघाले की आरसी बांधायला घेतात आणि ‘गो/नो-गो’ (जाहीर करायची की थांबायचे) बैठकीत तिचा निर्णय होतो.

पुण्याचा या कामाशी जुना संबंध आहे. फेडोराची फडकॉन परिषद २०११ साली इथल्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली होती. लोहित देवनागरी फॉन्टचा सांभाळ वर्षानुवर्षे फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या भाषा-तंत्रज्ञान चमूने केला. रिग्रेशन किती बारीक असू शकते, हे फॉन्टच्या चाचणीत नीट दिसते. ‘दऱ्या’ (डोंगरातल्या) आणि ‘दर्या’ (समुद्र) यांत फरक फक्त र कसा जोडला जातो याचा. पहिल्यातला आडवा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ताधारी ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारे जोडचिन्ह). फॉन्टमधला एखादा नियम बदलला आणि यातला एक प्रकार रफार होऊन उमटू लागला, तर प्रोग्राम कोसळत नाही, आपोआप होणाऱ्या चाचण्याही हिरव्या (यशस्वी) राहू शकतात, पण शब्द मात्र दुसराच होतो. मराठी वाचकासाठी हा ब्लॉकरच आहे. तो सापडायचा तर आरसीआधी मराठी वाचणाऱ्या माणसाने पडद्यावरचा मजकूर डोळ्यांखालून घालायला हवा.

ब्लॉकर शून्यावर आले तरी घाई करू नये. रोज नवे पॅच (कोडमधले बदल) आत येत असतील, तर शून्य हा आकडा आजच्यापुरताच. आधी फीचर फ्रीझ (नव्या सुविधा घेणे बंद), मग अनुवादकांसाठी स्ट्रिंग फ्रीझ (पडद्यावरची वाक्ये बदलणे बंद), आणि त्यानंतर फक्त तपासलेल्या दुरुस्त्या, असा क्रम ठेवतात. स्ट्रिंग फ्रीझ मोडला की मराठी अनुवादात मधूनच इंग्रजी वाक्ये डोकावू लागतात. बिल्ड (कोडपासून चालणारी प्रत बांधणे) कोऱ्या मशीनवर करावी, रिलीजच्या टारबॉलमधून, म्हणजे लोकांना दिल्या जाणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यातून करावी (गिट या कोड-साठ्यातून उतरवलेल्या प्रतीतून केली तर टारबॉलमध्ये राहून गेलेली फाइल लक्षातच येत नाही), आणि जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड खऱ्या डेटासह करून बघावे. बरेच घोळ अपग्रेडमध्येच होतात.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या प्रकल्पात बाकी राहिलेल्या बाबींची उघडी यादी ठेवतात. कॅटलॉगची (डेटाबेसच्या आतल्या रचनेच्या नोंदींची) आवृत्ती बदलली, तर चाचणी करणाऱ्यांना डेटाबेस नव्याने उभारावा किंवा अपग्रेड करावा लागतो, म्हणून आरसीनंतर तो बदल शक्यतो टाळतात. लिनक्स कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) गोष्ट वेगळी. तिथे दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल आत घेण्याची मुदत) बंद झाली की आरसी१ निघते, म्हणजे ती स्वभावाने बीटाच. पुढे दर रविवारी एक, साधारण आरसी७ किंवा आरसी८ पर्यंत. पुण्यात ती बहुधा सोमवारी सकाळी हाती येते.

आरसीत दोष सापडणे म्हणजे निर्णय चुकला असे नव्हे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१३ ची अंतिम आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ ला यायची होती. नव्या टप्प्याटप्प्याच्या गार्बेज कलेक्टरमुळे (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) काही कामे मंदावल्याचे दिसले, म्हणून तो काढून आरसी३ दिली गेली आणि अंतिम आवृत्ती ७ ऑक्टोबरला आली. अशा वेळी दुरुस्ती थेट अंतिम आवृत्तीत घुसवणे सर्वात धोक्याचे, कारण तो कोड बाहेर कोणीच चालवून पाहिलेला नसतो. बीटालाच आरसी म्हणत राहिले तर दुसरे नुकसान होते: लोक आरसी तपासणेच सोडून देतात आणि दोष थेट अंतिम आवृत्तीत उघडे पडतात.

शेवटच्या आरसीनंतर शक्यतो आवृत्तीक्रमांक आणि बदलांची नोंद एवढेच बदलावे. सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्तीक्रमांकांच्या नियमावलीनुसार ‘१.०.०-आरसी.१’ ही ‘१.०.०’ च्या आधीची धरली जाते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजात मात्र मधे टिल्ड (~) टाकावा लागतो, नाहीतर आरसीच अंतिम आवृत्तीपेक्षा नवी ठरते आणि ती बसवलेल्यांच्या मशीनवर अंतिम आवृत्ती आपोआप येत नाही.