डावं राजकारण आणि ओपन सोर्सचं वेड

इंटरनेटवर लिनक्सवाले (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कंप्युटर चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, ज्याचा कोड कोणीही बघू आणि बदलू शकतो) जमले की त्यांच्यात डाव्या विचारांची मंडळी जरा जास्तच सापडतात, आणि डावे जमले की कोणीतरी एक जण हमखास 'आधी ते विंडोज काढून टाक' म्हणत मागे लागलेला असतो. या जोडीला मराठीत धड नाव नाही. आम्ही आपापसात चेष्टेने 'पेंग्विन कॉम्रेड' म्हणतो, कारण लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. ही जोडी कशी जमली, कुठे टिकली आणि कुठे बिनसली एवढंच या नोंदीत आहे. घरातली उदाहरणं इंदूरची आहेत कारण लिहिणारा इथलाच, बाकी गोष्ट अर्थातच जगभरची.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ कोंबलेत, म्हणून 'फ्री सॉफ्टवेअर'ची चळवळ काढणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनला आयुष्यभर सांगत फिरावं लागलं की बाबांनो, हे भाषणस्वातंत्र्यातलं फ्री आहे, बिअरची बाटली फ्री मिळते तसलं नाही. मराठीत ही भानगडच नाही, फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. पण म्हणून आपल्याला लगेच कळतं असंही नाही, कारण फुकट ते पौष्टिक!

मी कॉलेजात असताना पहिला कंप्युटर घेतला तेव्हा दुकानदाराने विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं क्रॅक केलेलं टाकून दिलं आणि वर म्हणाला, 'भिया, एन्टीवायरस भी डाल दिया है'. आता अशा घरात जाऊन तुम्ही लिनक्समुळे पैसे वाचतात म्हणालात तर बाबा तुमच्याकडे बघतच राहतील, कारण मुळात पैसे दिलेच कोणी होते? अमेरिकेत किंवा जर्मनीत हा पैशाचा मुद्दा चालतो, आपल्याकडे तो पहिल्याच मिनिटाला बाद होतो आणि मग लिनक्सवाल्याकडे उरतो फक्त मालकीचा मुद्दा, म्हणजे मशीन तुझं आहे पण त्यात काय चालतंय ते ठरवणारा दुसराच कोणी आहे, हे तुला चालतं का? माझ्या मते आपल्याकडचा ओपन सोर्सवाला लवकर राजकीय होतो तो यामुळेच, त्याला दुसरं काही विकायलाच नसतं.

प्रिंटरपासून सुरुवात

१९८० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने थोडी कारागिरी करून ठेवली होती, कागद अडकला की ज्यांच्या प्रिंट बाकी असतील त्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा आणि मग कोणीतरी उठून जाऊन कागद सोडवायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच, म्हणजे ज्यात असे बदल करता येतात तो प्रोग्रॅमचा मूळ मजकूरच, मिळेना. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे तो होता, त्याने कोणाला देणार नाही असं लिहून दिलंय म्हणून नाही सांगितलं. या नकाराचा राग स्टॉलमनने कधी सोडला नाही. २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ग्नू प्रकल्प (अख्खं मुक्त असं कंप्युटर चालवणारं सॉफ्टवेअर बनवायचा) जाहीर केला, १९८५ ला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढली आणि १९८९ ला जीपीएल लायसन्सची पहिली आवृत्ती आली.

जीपीएलमागे चार स्वातंत्र्यं आहेत आणि ती प्रोग्रॅमरच्या सवयीप्रमाणे शून्यापासून मोजतात: प्रोग्रॅम कशासाठीही चालवा, आतून बघा आणि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलाही द्या. खरी खोच पुढे आहे. बदललेला प्रोग्रॅम वाटायचा असेल तर तो त्याच अटींवर, सोर्स कोडसकट वाटावा लागतो. कॉपीराइटचा कायदा वापरूनच कॉपीराइट उलटा केलाय, म्हणून याला कॉपीलेफ्ट म्हणतात, आणि त्यातला 'लेफ्ट' हा निव्वळ कोटी आहे, पक्ष नाही. विकायला बंदी नाही हे तर बऱ्याच डाव्यांनाही माहीत नसतं. गावविहिरीचं पाणी बाटलीत भरून विका हवं तर, पण विहिरीला कुलूप घालता येणार नाही, असं काहीसं.

मिल आणि कोड

इंदूरच्या जुन्या माणसाला मालकीचं हे बोलणं नवीन नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा कापड मिल्सचं हे शहर, नंदानगर आणि परदेशीपुरा ही कामगारांची वस्ती. १९६२ ला इथून लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून गेले ते होमी दाजी, कम्युनिस्ट आणि कामगारांचे पुढारी (आडनाव ऐकून आपल्या लोकांना हे कोणाचे तरी मेव्हणे वाटतात पण होते पारशी). हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागून २२४ कोटींचा चेक हातात आला तो २५ डिसेंबर २०२३ ला, बत्तीस वर्षांनी. कितीतरी लोक तोवर गेले. ज्या घरात हे बघितलंय तिथल्या पोराला माग चालवणारा एक आणि मागाचा मालक दुसरा हे वेगळं शिकवावं लागत नाही, आणि तोच पोरगा आता सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत बसून कोड लिहितो.

पण ही तुलना एका जागी मोडते. माग एकाकडून काढून दुसऱ्याला दिला तर पहिल्याचा जातो, कोडची कॉपी घेतली तर पहिल्याचं काहीच कमी होत नाही. म्हणजे इथे मालकाकडून काही हिसकावायची गरजच नाही, आपला दुसरा माग फुकटात उभा करता येतो, आणि म्हणूनच ज्याला क्रांतीबिंती नकोय असा माणूसही यात आरामात रमतो.

मुळात हे डावं आहे का

लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचे वडील निल्स सत्तरच्या दशकात फिनलंडमधले कम्युनिस्ट होते, काही काळ मॉस्कोत शिकायला होते, पुढे युरोपियन पार्लमेंटात गेले ते मात्र उदारमतवादी पक्षाकडून. लिनस स्वतः राजकारणापासून लांबच राहिला. गंमत म्हणजे १९९१ ला त्याने लिनक्स पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हाच्या लायसन्सात पैसे घेऊन वाटायला मनाई होती, १९९२ ला जीपीएल घेतलं तेव्हा ती मनाई गेली. म्हणजे डाव्यांचं आवडतं लायसन्स आल्यावर धंदा करायची मोकळीक मिळाली.

'ओपन सोर्स' हा शब्द तर १९९८ च्या फेब्रुवारीत मुद्दाम काढला, स्टॉलमनच्या नैतिक भाषेने कंपन्या बिचकतात म्हणून. त्या गटातला सगळ्यात बोलका माणूस एरिक रेमंड, तो पक्का बाजारवादी आणि बंदूक बाळगायच्या हक्काचा समर्थक. त्यामुळे फ्री सॉफ्टवेअरवाले आणि ओपन सोर्सवाले एकच कोड वापरतात पण एकमेकांना शब्दावरून टोकतात, आपल्याकडे समाजवादी आणि कम्युनिस्ट एकाच मोर्च्यात चालताना भांडतात तसं.

डावेपणाचा शिक्का लावण्यात खरं म्हणजे विरोधकांचाच हात मोठा. २००१ ला मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामरने लिनक्सला कॅन्सर म्हटलं, २००५ ला बिल गेट्सने सॉफ्टवेअरवरचे हक्क सैल करा म्हणणाऱ्यांना आधुनिक कम्युनिस्ट म्हटलं, आणि त्याचे लगेच टीशर्ट आणि स्टिकर निघाले. जे शिवी म्हणून दिलं तेच पोरांनी छातीवर लावलं. पुढे २०१८ ला याच मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब ही कोड ठेवायची आणि वाटायची साइट घेतली, म्हणजे ओपन सोर्सचा सगळ्यात मोठा बाजारच.

आपल्याकडेही सरळ डावं-उजवं करता येत नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची बॉस नावाची लिनक्स आहे, तिचं कौतुक स्वदेशीवालेही करतात, आणि केंद्र सरकारने ओपन सोर्स वापरायचं धोरण जाहीर केलं ते २०१५ ला, भाजपच्या काळात. रामबागेतल्या एका घरात संघाच्या शाखेत जाणारे काका आणि लाल झेंड्यावाला पुतण्या, दोघांच्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) बघितलीये मी, काका म्हणतात अमेरिकन कंपनी नको, पुतण्या म्हणतो कंपनीच नको.

केरळ, आणि पेटंटचा किस्सा

डाव्यांनी प्रत्यक्षात काय केलं हे विचारलं तर आपल्या देशात उत्तर केरळ. जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला स्टॉलमनच्या उपस्थितीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया सुरू झाली, तेव्हा तिथे सरकार काँग्रेस आघाडीचं होतं हे लक्षात ठेवावं. शाळांमधला कंप्युटरचा अभ्यासक्रम आधी विंडोजवर होता, शिक्षक संघटना आणि कार्यकर्ते मागे लागले आणि तो हळूहळू फ्री सॉफ्टवेअरवर आला. २००६ ला व्ही. एस. अच्युतानंदन मुख्यमंत्री झाले तेव्हा या कामाला सरकारचा उघड पाठिंबा मिळाला. ऐंशी पार केलेला कम्युनिस्ट पुढारी सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर बोलतोय हे दृश्य तेव्हा नवलाचंच होतं. स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग म्हणून स्वयंसेवकांचा गट आहे, त्यांनी मलयाळमचे फॉन्ट, टायपिंगची साधनं वगैरे तयार केली.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे पण माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. २००४ च्या डिसेंबरात पेटंट कायद्यात बदल करणारा अध्यादेश आला, त्यात काही प्रकारच्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळायची वाट उघडली होती. त्या वेळचं यूपीए सरकार साठेक डाव्या खासदारांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं, त्यांनी आणि फ्री सॉफ्टवेअरवाल्यांनी विरोध केला, आणि २००५ ला संसदेत कायदा झाला तेव्हा ते कलम गळालेलं होतं. नुसत्या कंप्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही हे कलम ३(के) त्यामुळे जसंच्या तसं राहिलं. औषधांच्या पेटंटवर तेव्हा खूप छापून आलं, सॉफ्टवेअरचं कोपऱ्यात राहिलं.

बाहेर ब्राझीलमध्ये अध्यक्ष लुलाच्या सरकारने २००३ नंतर फ्री सॉफ्टवेअरला धरलं, व्हेनेझुएलात अध्यक्ष चावेझने त्यासाठी २००४ ला फर्मानच काढलं, क्युबाने नोव्हा नावाची स्वतःची लिनक्स काढली. जर्मनीत म्युनिक शहराने समाजवादी महापौराच्या काळात हजारो कंप्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ ला परत विंडोजकडे जायचं ठरवलं. सरकार बदललं की सॉफ्टवेअर बदलतं, हा या जोडीचा जुना रोग आहे.

शून्याव्या स्वातंत्र्याची डोकेदुखी

नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचे वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं म्हणून आपल्याकडचे बरेच लोक, त्यात डावे आणि आंबेडकरवादी खूप, ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनवर गेले. मॅस्टोडॉन ओपन सोर्स, कोणीही आपला सर्व्हर काढावा आणि एकमेकांना जोडावा. आठवडाभर सगळे खुश, मग अर्धे परत. २०२३ च्या जूनमध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या भांडणानंतर तिच्यासारख्याच पण ओपन सोर्स लेमीकडे गर्दी गेली, तिचे मूळ डेव्हलपर तर उघडच मार्क्सवादी, आणि तिथे लगेच चीन आणि रशियावरून डाव्यांचं डाव्यांशीच असं जुंपलं की शेवटी सर्व्हरच एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

पण खरी पंचाईत वेगळी. २०१९ ला गॅब नावाचं कट्टर उजव्यांचं नेटवर्क मॅस्टोडॉनच्याच कोडवर आलं, २०२१ ला ट्रम्पच्या ट्रुथ सोशलनेही तोच कोड घेतला, आणि मॅस्टोडॉनवाल्यांना करता काय आलं तर ट्रुथ सोशलला लायसन्सप्रमाणे सोर्स दाखवा एवढं पत्र पाठवता आलं, त्यांनी दाखवला, विषय संपला. शून्यावं स्वातंत्र्य ते हेच, कशासाठीही चालवा म्हणजे कशासाठीही. ही 'कशासाठीही'ची मोकळीक खुपते म्हणून २०१९ लाच हिपोक्रॅटिक लायसन्स निघालं, मानवी हक्क मोडणाऱ्याला हा कोड वापरता येणार नाही असं सांगणारं, पण माणूस किंवा काम बघून भेद करायचा नाही हे ओपन सोर्सच्या व्याख्येतच लिहिलंय, त्यामुळे ते त्या व्याख्येत बसत नाही. डाव्यांमध्ये याच्यावर अजून दोन तट आहेत. मला स्वतःला शून्याव्या स्वातंत्र्याला हात लावू नये असंच वाटतं, कारण एकदा बंदीची यादी आली की ती लिहिणारा उद्या कोण असेल काय सांगावं.

कामाचे पैसे कोण देतं

डाव्यांनी जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो मात्र त्यांनी उशिरा विचारला. २०१४ ला हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड सापडलं तेव्हा लोकांना कळलं की अर्ध्याअधिक इंटरनेटची कुलपं ज्यावर चालतात त्या ओपनएसएसएलला वर्षाला दोनेक हजार डॉलर देणगी मिळायची. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला. एकटा दमलेला मेंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस, त्याच्या मदतीला कोणीतरी गोड बोलून दोन-अडीच वर्षं काम करत आलं आणि विश्वास बसल्यावर घात केला. हे सापडलं कसं, तर एका इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या, आणि पायाचा दगड धरून बसलेला एक बिनपगारी माणूस, याला मिलमध्ये एक सरळ शब्द होता: बेगारी.

इंदुरात

इथे चळवळ वगैरे म्हणावं असं काही नाही, टेलिग्रामवर ओळख झालेली पाच-सात पोरं रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत बसतात, पेनड्राइव्हवरून जुने लॅपटॉप जिवंत करतात आणि वायफायचा ड्राइव्हर चालेना की शिव्या घालतात. मध्येच कोणीतरी भांडवलशाहीवर येतो, मग दुसरा त्याला नोकरी कुठे करतोस ते विचारतो.

आमच्या गणपती मंडळाच्या पावत्या, पत्रिका सगळं वर्षानुवर्षं कृतीदेवमध्ये होतं, हिंदी टायपिंगमुळे इथे तोच फॉन्ट घरोघरी. फाइल दुसऱ्या कंप्युटरवर उघडली की गणपतीबाप्पाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. मागच्या वर्षी पोरांनी सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही कंप्युटरवर तीच अक्षरं दिसतात ती पद्धत) आणलं, ओपन सोर्सवाल्या लिब्रऑफिसमध्ये नवी पावती बनवली, आणि फॉन्ट घेतला मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने काढलेला, मोकळ्या लायसन्सचा, नाव त्याचं मुक्त. छापायला नेलं तर प्रेसवाले म्हणाले हे आमच्याकडे उघडत नाही, कोरल सॉफ्टवेअरमध्ये आणा. शेवटी पीडीएफ करून दिली. 'वर्गणी' मधला रफार मात्र छापून आला तो पुढच्या णी वर, आणि त्या तशाच पावत्यांवर लोकांनी पैसे दिले.